चॉकलेट सिस्ट निघाली आहे, एंडोमेट्रिओसिस म्हणतात. गोळ्या घ्याव्यात की ऑपरेशन करावं?

तू लिहिलंयस ते थोडक्यात असं. वय २४, डिचोलीची, नोकरी पणजीत. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत बसमध्ये उभंही राहवत नाही. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर ४ सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट दिसली. एका डॉक्टरांनी डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी लिहून दिली, दुसरे म्हणाले काढून टाका. मावशीचं म्हणणं, लग्न लावून द्या, एक मूल झालं की सगळं जागेवर येईल. त्यात रक्ततपासणीत सीए-१२५ वाढलेलं, म्हणून कॅन्सरची धास्ती. आणि ऑफिसात काय सांगायचं, हा शेवटचा प्रश्न.

मी डॉक्टर नव्हे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका मराठी शाळेत शिकवते. हे दुखणं चौदाव्या वर्षापासून माझ्याबरोबर आहे आणि त्याला नाव मिळालं तेव्हा मी २९ ची होते. आता ३७. तुझ्यापेक्षा बरीच मोठी, म्हणून सरळ 'तू' म्हणते.

आधी कॅन्सरचं उरकू, कारण ती भीती डोक्यात असली की बाकीचं वाचलेलं आत शिरत नाही. माझं सीए-१२५ ८६ आलं होतं. शेजारी छापलेलं होतं, ३५ पर्यंत नॉर्मल. ती रात्र मी मोबाइलवर काय काय वाचत काढली ते सांगत नाही. हा आकडा एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतो, फायब्रॉइडमध्ये वाढतो, पोटाच्या टीबीत वाढतो, गरोदरपणात वाढतो, रक्त पाळी चालू असताना दिलं तरी वाढलेला येतो. नुसत्या त्याच्यावरून ना कॅन्सर ठरत, ना एंडोमेट्रिओसिस. एंडोमेट्रिओसिस म्हणजे कॅन्सर नव्हे. अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका त्यामुळे किंचित वाढतो हे खरं, पण किंचित म्हणजे किती? युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत दिलंय: सर्वसाधारण बाईला आयुष्यभरात शंभरात १.३, हा आजार असलेलीला १.८. मी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला होता, नवऱ्याला दाखवायला.

आता हे आहे काय. गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. ते दर महिन्याला वाढतं आणि पाळीत गळून जातं. त्याच जातीच्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, नळ्यांवर, गर्भाशयाच्या मागच्या खोलगट जागेत, आतड्यावर, मूत्राशयावर रुजल्या की एंडोमेट्रिओसिस. पाळीच्या हार्मोनची हाक त्यांनाही ऐकू जाते. त्याही सुजतात, त्यांतूनही रक्त येतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नाही. तिथेच सूज, तिथेच जखम, आणि जखम भरताना आजूबाजूचं सगळं एकमेकांना चिकटतं. तुला हे फणसावरून लगेच कळेल. हाताला तेल न लावता फणस फोडला की चीक लागून बोटांना बोटं चिकटतात, आणि ओढावं तसं जास्तच ताणतं. माझ्या पोटात उजवं अंडाशय गर्भाशयाला आणि गर्भाशय मागच्या आतड्याला असंच चिकटलेलं निघालं. अंडाशयात साठलेलं जुनं रक्त घट्ट, काळपट होतं. त्या रंगावरून चॉकलेट सिस्ट हे नाव पडलं. गोव्यात शोध लागला असता तर माडाच्या गुळाचं नाव मिळालं असतं.

हे का होतं याचं पुरतं उत्तर अजून मिळालेलं नाही. सॅम्पसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९२७ मध्ये मांडलं की पाळीचं थोडं रक्त नळ्यांतून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. पण उलटं रक्त बहुतेक सगळ्याच बायकांच्या पोटात जातं, आजार मात्र साधारण दहांतल्या एकीला होतो. म्हणजे प्रतिकारशक्तीचा आणि घराण्याचाही काही भाग असणार. आईला किंवा बहिणीला असेल तर शक्यता वाढते. आपल्या घरांत हे शोधणंच कठीण. माझ्या आजीला विचारलं तर तिचं एकच उत्तर: "बायल मनशाक इतलें सोंसचेंच पडटा." म्हणजे बाईमाणसाला एवढं सोसावंच लागतं. तिलाही होतं की नव्हतं, कोण जाणे. दर महिन्याला दोन दिवस ती पोटावर हुराक, म्हणजे काजूची दारू, चोळून कोनाड्याखाली पडून असायची एवढं आईला आठवतं.

तुला २४ व्या वर्षी निदान मिळालं. वाईट वाटून घेऊ नकोस, पण मला तुझा थोडा हेवाच वाटला. माझ्या तीन सोनोग्राफी 'नॉर्मल' आल्या होत्या. लग्नाआधी सोनोग्राफीच्या खोलीत पहिला प्रश्न येतो, "लग्न झालंय?" नाही म्हटलं की आतून करायची सोनोग्राफी बाद. मग लिटरभर पाणी पिऊन, फुटायला आलेलं मूत्राशय घेऊन बाकावर बसायचं आणि पोटावरून तपासणी करून घ्यायची. पोटावरून मोठी सिस्ट दिसते. गर्भाशयामागचे बारीक डाग आणि चिकटलेलं आतडं सहसा दिसत नाही. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल, आणि दुखणं माझ्या मनाचं. एका डॉक्टरांनी तर आईला बाजूला घेऊन "अभ्यासाचं टेन्शन आहे का" असं विचारलं.

शेवटी ज्या डॉक्टरीणबाईंनी ओळखलं, त्यांनी रिपोर्ट हातातसुद्धा घेतला नाही. त्यांनी विचारलं, "पाळीत शौचाला बसताना दुखतं का गो?" पंधरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मी कुणाला सांगितलंही नव्हतं. सांगणार तरी कुठल्या तोंडाने? मी हो म्हटलं आणि रडायलाच लागले. तसं दुखणं असलं तर रोग बहुतेक गर्भाशयाच्या मागे, आतड्याजवळ असतो. मग एमआरआय झालं आणि सगळं दिसलं. तूही डॉक्टरांना हे आपण होऊन सांग: शौचाच्या वेळी दुखतं का, लघवीला दुखतं का, पाळी नसतानाही ओटीपोट ठणकतं का, कंबरेतून मांडीत कळ उतरते का. पुढे लग्न झाल्यावर संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखलं तर तेही. पूर्वी दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय निदान पक्कं धरत नसत. आता लक्षणं आणि तपासणी जुळली तर नुसत्या निदानासाठी ऑपरेशन न करता औषध सुरू करतात. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

स्टेजचं फार मनावर घेऊ नकोस. पहिली ते चौथी अशा चार स्टेज आहेत, पण त्या रोग किती पसरलाय ते सांगतात, दुखतं किती ते नाही. माझी चौथी. माझ्या एका मैत्रिणीची पहिली, आणि ती माझ्यापेक्षा जास्त तळमळते.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते. डायनोजेस्ट हे प्रोजेस्टिन, म्हणजे शरीरातल्या प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध. रोज २ मिलिग्रॅमची एक गोळी, ठरलेल्या वेळी, मध्ये खंड न पाडता. अस्तराची वाढ दबते, पाळी हळूहळू थांबते, आणि पोटात भलत्या जागी रुजलेलं तेही दबून राहतं. मुद्दाम पाळी बंद ठेवणं हाच यातला उपचार. ते ऐकून तुझ्या आईला धडकी भरली असं लिहिलंयस. माझी आईही म्हणाली होती, "पाळी थांबली तर घाण रक्त आत साठेल." साठत नाही. अस्तर वाढतच नाही, तर गळणार काय?

आणि एक गंमत बघ. चवथीला पाळी येऊ नये म्हणून आपल्याकडे बायका गोळ्या घेतात की नाही? गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला, नैवेद्य करायला घरची सून बाहेर बसून कशी चालेल, म्हणून माझी काकी वर्षानुवर्षं फार्मसीतून ती पानं आणायची, डॉक्टरला न विचारता. ती गोळी नॉरेथिस्टेरॉनची, म्हणजे तीही प्रोजेस्टिनच. एंडोमेट्रिओसिसलाही ती देतात. गणपतीसाठी आठ दिवस घेताना घरात कुणाला हार्मोनची भीती वाटली नाही. त्याच जातीची गोळी मी दुखणं थांबवायला सुरू केली तेव्हा त्याच काकीने मला समजावलं की असलं काही घेऊ नकोस, पुढे मूल होणार नाही. तुझ्या मावशीला हे जरूर सांग. गोळी बंद केल्यावर पाळी परत येते आणि मूल होण्याची क्षमताही परत येते.

त्रास होतच नाही असं नाही. पहिले दोन-तीन महिने मधूनच डाग लागत राहतात. मला जवळजवळ रोज लागायचे. पांढरी साडी नेसणंच सोडलं होतं. डोकेदुखी, थोडं वजन, आणि काहीजणींचं मन फार उतरतं. मन उतरलं तर ते गोळीमुळे असू शकतं हे लक्षात ठेव, आणि डॉक्टरांना सांग. लांब मुदतीला हाडांकडे लक्ष ठेवावं लागतं. आणि डायनोजेस्टची ही एकटी गोळी गर्भनिरोधक म्हणून धरायची नाही, त्यासाठी वेगळी काळजी. आराम किती पडतो? चाचण्यांमध्ये ल्युप्रोलाइडच्या, म्हणजे पाळी बंद करणाऱ्या इंजेक्शनाइतकाच पडलाय. पण ही गोळी रोग दाबते, मुळासकट काढत नाही. सिस्ट थोडी आक्रसते, क्वचितच नाहीशी होते. गोळी थांबवली की दुखणं परतण्याची शक्यता असते. ब्लड प्रेशरची गोळी बंद केल्यावर प्रेशर वाढतं, तर औषध खोटं होतं असं आपण म्हणत नाही. ही नाही मानवली तर साध्या गर्भनिरोधक गोळ्या सलग घेतात, किंवा गर्भाशयात हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू बसवतात, ती काही वर्षं चालते.

ऑपरेशनबद्दल. माझं दुर्बिणीतून झालं, तीन तास चाललं. बेंबीत एक भोक, खाली दोन. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात म्हणजे आत बघायला जागा होते. शुद्धीवर आले तेव्हा पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त दुखत होता. मला वाटलं टेबलावरून पडले की काय. नर्स हसून म्हणाली, गॅस. उरलेला गॅस छातीच्या पडद्याला डिवचतो आणि कळ खांद्यात जाणवते. दोन दिवस वऱ्हांड्यात फेऱ्या मारल्यावर गेली. पहिली पाळी आली तेव्हा मी घाबरून आधीच गोळी घेऊन गरम पाण्याची पिशवी लावून बसले, आणि संध्याकाळी लक्षात आलं की आज आपण भाजी चिरली, वह्या तपासल्या, फार काही झालंच नाही. अशी पाळी मला माहीतच नव्हती.

पण दुसरी बाजूही ऐक. सिस्ट सोलून काढताना अंडाशयाचा चांगला भागही थोडा जातो आणि बीजांचा साठा घटतो. तुझं वय २४, सिस्ट एकाच बाजूला, मूल अजून व्हायचंय. म्हणून ऑपरेशन करायचंच ठरलं तर आधी एएमएच ही रक्तचाचणी करून घे. त्यावरून साठ्याचा अंदाज येतो. आणि परत होण्याचं म्हणशील तर, ऑपरेशननंतर पुढे हार्मोनचं औषध चालू ठेवलं नाही तर पाच वर्षांत चाळीस-पन्नास टक्के बायकांना पुन्हा त्रास होतो. माझी सिस्ट चौथ्या वर्षी परत आली, दीड सेंटिमीटरची. आता मी गोळ्यांवर आहे आणि ती तेवढीच आहे. म्हणजे मला ऑपरेशनही लागलं आणि गोळ्याही. ऑपरेशननंतर तीन महिने इंजेक्शनंही घेतली. ती अंडाशयांना झोपवतात, पाळी जाताना होतं तसं सगळं होतं. मे महिन्यातला गोव्याचा उकाडा आणि त्यात आतून येणाऱ्या वाफा. फळ्यावर लिहिताना हातातला खडू घामाने भिजायचा.

मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं? सोनोग्राफीत सिस्ट नेहमीच्या चॉकलेट सिस्टसारखीच दिसत असेल, संशयास्पद काही नसेल, तर आधी गोळ्या. तीन महिन्यांत दुखणं किती उतरलं ते बघायचं, सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी. गोळ्यांनी आराम पडला नाही, सिस्ट वाढत गेली, तिचं रूप डॉक्टरांना पटेनासं झालं, किंवा मूत्रनलिका, आतडं दाबलं जात असेल तर ऑपरेशन. आणि ते एकदाच करायचं, नीट करायचं, हे काम नेहमी करणाऱ्या हातांनी. डॉक्टरांना न लाजता विचार: वर्षाला अशी किती करता? सिस्ट काढणार की नुसती सुईने रिकामी करणार? नुसती रिकामी केलेली बहुधा परत भरते. आतड्यावर काही निघालं तर सर्जन सोबत असेल का? मी हे प्रश्न कागदावर लिहून नेले होते, आणि डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर तेही एक उत्तरच होतं. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग ओपीडीत दुसरं मत घेता येतं, सकाळी लवकर जा. गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विमा योजनेचं कार्ड घरात असेल तर हे ऑपरेशन यादीत कोणत्या नावाने आहे ते आधी विचारून घे.

मावशीचं लग्नाचं औषध. गरोदरपणात पाळी नसते म्हणून तेवढे महिने बऱ्याचजणींना बरं वाटतं. नंतर दुखणं परत येऊ शकतं, आणि मग कडेवर मूलही असतं. केवळ उपचार म्हणून मूल होऊ द्या असा सल्ला देऊ नये, असं आता मार्गदर्शिकाच सांगतात. उलट बाजूने घाबरूही नकोस. हा आजार असलेल्या तीस ते पन्नास टक्के बायकांना दिवस राहायला अडचण येते, म्हणजे उरलेल्यांना येत नाही. अडचण येणाऱ्यांतही अनेकींना उपचारांनी होतं. गोमेकॉत २०२३ पासून आयव्हीएफची सोयही आहे. मला मूल नाही. दोन वर्षं प्रयत्न करून आम्ही दोघं थांबलो. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. गर्भाशय काढून टाका म्हणणारंही कुणी भेटेल. तुझ्या वयात तो विषयच नाही, आणि रोग गर्भाशयाबाहेर असताना नुसतं गर्भाशय काढून तो जाईलच असंही नाही.

घरचे उपाय. शेक घे, खरंच बरं वाटतं. धण्याजिऱ्याची कसाय, म्हणजे काढा, पी, नुकसान नाही. गहू सोडा, दूध सोडा, मासळी सोडा म्हणणाऱ्यांकडे भक्कम पुरावा नाही. मी मासळी सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. चालणं, ओटीपोटाच्या स्नायूंचे फिजिओथेरपीतले व्यायाम, यांचा मला उपयोग झाला. मेफ्ताल स्पाससारख्या गोळ्या कळ शिगेला पोचल्यावर घेतल्या तर फारसा उपयोग होत नाही. दुखायला लागताच, खाऊन घे, उपाशीपोटी नको. आणि त्यातल्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने इशारा दिलाय. क्वचित कुणाला त्याची गंभीर रिॲक्शन येते. अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजल्या तर गोळी बंद करून लगेच डॉक्टरकडे. एकदम असह्य कळ, उलट्या, ताप किंवा चक्कर आली तर पाळीची म्हणून झोपून राहू नकोस. सिस्ट फुटलेली किंवा अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. १०८ ला फोन कर.

राहिलं ऑफिस. मी दहा वर्षं रजेच्या अर्जात 'पोटदुखी' लिहीत होते. मुख्याध्यापक विचारायचे, "बाई, बाहेरचं काही खाल्लं का?" ऑपरेशननंतर ठरवलं की आजाराचं नाव लिहायचं. पहिला अर्ज घेऊन गेले तेव्हा क्लार्क बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग त्याने रजिस्टर उघडलं, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "बाई, 'मे'ला जोडून 'ट्रि' येणार ना?"